सात मे

भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेत प्रत्येक तारखेच्या वाट्याला सारखाच चौकोन येतो. कोणाला जागा कमी नाही की अधिक नाही. तरीही काही तारखा दाटीवाटीने भरून जातात, आणि काही वर्षानुवर्षे रिकाम्याच राहतात. मे महिन्याची सात तारीख ही दाटीच्या तारखांपैकी आहे. महाराष्ट्रात या सुमारास ऊन रणरणत असते, शाळांना सुट्टी लागलेली असते आणि घराघरांत आंब्याच्या अढीचा वास दरवळत असतो. संगीताच्या इतिहासात मात्र हीच तारीख निरनिराळ्या वर्षी, निरनिराळ्या गावी पुन्हा पुन्हा भेटते.

यात ग्रहताऱ्यांचा काही हात असेल, असे कोणी मानू नये. वर्षाचे दिवस मोजून तीनशे पासष्ट, आणि जगात होऊन गेलेले संगीतकार हजारो. तेव्हा एका चौकोनात अनेकांची गर्दी व्हावयाचीच. गणितज्ञ सांगतात की, वर्गात अवघी तेवीस मुले असली, तरी त्यांतील कोणत्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येण्याचा संभव निम्म्याहून अधिक असतो. पण योगायोग म्हटल्याने त्यातील गंमत उणावत नाही. कारण सात मेच्या चौकोनात येऊन बसलेली ही माणसे एकमेकांना अगदीच परकी नव्हती. कोणी कोणाचा गुरू होता, कोणी कोणाच्या धाकात होता, आणि कोणाला दुसऱ्याचे संगीत मुळीच आवडत नव्हते!

आरंभ करावयाचा तो १८२४ सालापासून. त्या वर्षी सात मे रोजी शुक्रवार होता. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथील केर्न्टनरटोर नाट्यगृहात सायंकाळी लोकांची झुंबड उडाली होती. बीथोव्हेनची नवी सिंफनी त्या रात्री प्रथमच वाजणार होती. सिंफनी म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी रचलेली दीर्घ संगीतकृती. तिचे बहुधा चार भाग असतात. बीथोव्हेनने अशा आठ रचना यापूर्वी लोकांपुढे आणल्या होत्या. ही नववी. परंतु आठवी आणि नववी यांच्यामध्ये दहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता, आणि या अवधीत तो जवळजवळ पूर्ण बहिरा झाला होता.

हे बहिरेपण एकाएकी आले नव्हते. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या कानांत सतत गुणगुण होऊ लागली. पुढे दूरचे आवाज हरवले. १८०२ साली तो हायलिगेनश्टाट नावाच्या खेड्यात राहत असता त्याने आपल्या भावांना उद्देशून एक दीर्घ पत्र लिहिले. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला दुरून बासरी ऐकू यावी, आणि आपल्याला मात्र काहीच ऐकू येऊ नये, याची लाज किती वाटते, हे त्याने त्यात सांगितले आहे. जीव नकोसा झाला होता. पण मनात साठलेले संगीत पुरते बाहेर पडल्यावाचून जग सोडता येईना, असेही त्याने लिहिले. ते पत्र त्याने कधी पाठविलेच नाही. त्याच्या मृत्यूनंतर कागदपत्रांत ते सापडले. १८१८ पासून तर तो भेटीस येणाऱ्यांपुढे वही ठेवू लागला. पाहुण्याने आपला प्रश्न वहीत लिहावयाचा, आणि बीथोव्हेनने तोंडाने उत्तर द्यावयाचे. त्यामुळे त्या वह्यांत प्रश्न राहिले आहेत. उत्तरे बहुतेक हवेत विरून गेली आहेत.

बहिरा मनुष्य संगीत रचतो तरी कसा, असा प्रश्न सहजच पडतो. पण जे मूल ओठ न हलविता धडा वाचते, त्याला प्रत्येक शब्द मनात ऐकू येतच असतो. बीथोव्हेनला कागदावर मांडलेले स्वर तसेच ऐकू येत. जन्मभर कान तयार केलेले असल्यामुळे कान गेल्यावरही श्रवण उरले, इतकेच. तथापि आपण रचलेले खरोखर कसे वाजते, हे पडताळून पाहण्याचा मार्ग त्याला बंद झाला होता, ही उणीव लहानसहान नव्हे.

या नवव्या सिंफनीत त्याने एक धाडस केले होते. सिंफनीत तोवर वाद्येच बोलत. बीथोव्हेनने शेवटच्या भागात चार गायक आणि मोठा गायकवृंद आणला, आणि त्यांच्या मुखी जर्मन कवी शिलर याची आनंदाची स्तुती करणारी कविता घातली. गायिकांना स्वर फार उंच वाटले. ते थोडे खाली आणावेत अशी विनंती त्यांनी केली. परंतु बीथोव्हेन हट्टाचा पुरा होता. त्याने एकही स्वर बदलला नाही. सबंध वाद्यवृंदासह तालमी अवघ्या दोन झाल्या. एवढ्या अवघड रचनेस दोन तालमी म्हणजे काहीच नव्हे. त्या रात्री वादन सर्वस्वी निर्दोष झाले असेल, असे समजण्याचे कारण नाही.

संचालनाची खरी जबाबदारी मिखाएल उमलाउफ याच्याकडे होती. बीथोव्हेन त्याच्या शेजारी उभा राहून लय दाखवीत होता. वादकांनी आणि गायकांनी बीथोव्हेनच्या हाताकडे पाहू नये, आपल्याकडेच पाहावे, असे उमलाउफने सर्वांना आधीच बजावून ठेवले होते. ही सूचना कठोर खरी. पण तिच्यावाचून सारा मेळ कोसळला असता. त्रेपन्न वर्षांचा तो वृद्ध दिसणारा मनुष्य भान हरपून हातवारे करीत राहिला, आणि सर्व मंडळी त्याला वंदनीय मानूनही दुसऱ्याच माणसाच्या हाताबरोबर चालली.

टाळ्यांचा कडकडाट झाला तेव्हा बीथोव्हेनची पाठ प्रेक्षकांकडे होती. त्याला काहीच कळले नाही. हा प्रसंग दुसऱ्या भागानंतर घडला की अगदी शेवटी, याविषयी त्या वेळच्या मंडळींनी निरनिराळे सांगितले आहे. पण पुढे झाले ते सर्वांनी सारखेच सांगितले. कारोलिने उंगर ही वीस वर्षांची गायिका पुढे झाली, आणि तिने त्याला हलकेच धरून प्रेक्षकांकडे वळविले. तेव्हा त्याला लोकांचे हात दिसले. कान निकामी झालेल्या माणसास निदान डोळ्यांनी तरी टाळ्या पोचाव्यात, म्हणून लोक हातरुमाल आणि टोप्या उंच हलवू लागले.

गोष्ट येथे थांबविली तर ती फार गोड होईल. परंतु इतिहास येथे थांबला नाही. नाट्यगृहाचे भाडे, संगीताच्या प्रती उतरवून घेण्याची मजुरी आणि इतर खर्च वजा जाता बीथोव्हेनच्या हाती फारच थोडे पैसे उरले. तो संतापला, मदत करणाऱ्या मित्रांवरच त्याने संशय घेतला. २३ मे रोजी हाच कार्यक्रम पुन्हा ठेवला गेला. त्या दिवशी हवा सुंदर होती, व्हिएन्नाचे लोक मोकळ्या हवेत फिरावयास गेले, आणि सभागृह निम्मे रिकामे राहिले. तीन वर्षांनी, १८२७ च्या मार्चमध्ये, बीथोव्हेन वारला.

बरोबर एका वर्षाने, म्हणजे १८२५ च्या सात मेस, त्याच व्हिएन्ना शहरात आन्तोनिओ सालिएरी याने शेवटचा श्वास घेतला. सालिएरी मूळचा इटलीचा. सम्राटाच्या दरबारी तो अनेक वर्षे संगीताचा प्रमुख होता. तरुण बीथोव्हेन इटालियन गीतांना चाल कशी लावावी हे शिकण्यासाठी त्याच्याकडे जात असे, आणि व्हायोलिनच्या तीन रचना त्याने या गुरूला अर्पण केल्या होत्या. शूबर्ट हाही सालिएरीचाच शिष्य. लहानग्या लिस्टलाही त्याने शिकविले. गरीब विद्यार्थ्यांकडून तो शुल्क घेत नसे.

एवढे सगळे असून सालिएरीचे नाव आज कोणत्या कारणाने घेतले जाते? मोझार्टला त्याने विष घातले, या कंडीमुळे! मोझार्ट १७९१ साली पस्तिसाव्या वर्षी वारला. सालिएरी म्हातारा झाला, त्याचे चित्त ठिकाणावर राहीना, तेव्हा ही कुजबुज व्हिएन्नात जोराने पसरली. बीथोव्हेनच्या वहीतसुद्धा भेटीस आलेल्या मंडळींनी ही वार्ता लिहून ठेवली आहे. रुग्णालयात पडलेल्या सालिएरीने भेटीस आलेल्या एका शिष्याला ते सर्व खोटे असल्याचे सांगितले; पण कंडी ऐकणारे कान पुष्कळ, आणि खुलासा ऐकणारा एक. पुढे पुश्किन या थोर रशियन कवीने १८३० साली तिच्यावर एक छोटे नाटक लिहिले, त्यावरून संगीतनाटक झाले, आणि १९८४ साली तर एक गाजलेला चित्रपटही निघाला. कलावंतांनी उचलून धरलेली अफवा लोकांच्या अफवेपेक्षा दीर्घायुषी असते.

आता दुसरी बाजू पाहावी. मोझार्टने मृत्यूपूर्वी दोन महिने आधी पत्नीला लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. आपल्या नव्या संगीतनाटकास सालिएरी आला होता आणि त्याने मनापासून वाहवा केली, असे मोझार्टने त्यात आनंदाने कळविले आहे. मोझार्टच्या पश्चात त्याच्या पत्नीने आपला धाकटा मुलगा संगीत शिकण्यासाठी सालिएरीकडेच पाठविला. पतीला विष घालणाऱ्याच्या हाती कोणती आई आपले मूल सोपवील? विषाचा कसलाही पुरावा आजवर पुढे आलेला नाही. सालिएरीने १८०४ सालीच स्वतःच्या अंत्यविधीसाठी प्रार्थनासंगीत रचून ठेवले होते. तो गेल्यावर, १८२५ च्या जूनमध्ये, ते त्याच्या स्मरणार्थ गायिले गेले.

यानंतर आठ वर्षांनी, १८३३ च्या सात मेस, जर्मनीतील हाम्बुर्ग बंदरात एका गरीब वादकाच्या घरी योहानेस ब्राम्सचा जन्म झाला. या मुलाच्या आयुष्यावर १८२४ ची ती रात्र छाया धरून होती, असे म्हटले तर चूक होणार नाही. नवव्या सिंफनीनंतर आपण सिंफनी लिहावयाची म्हणजे काय, हे भय ब्राम्सच्या मनातून जाईना. आपल्या पाठीमागून त्या महापुरुषाची पावले सतत वाजत असताना कसे वाटते, याची कल्पना इतरांना यावयाची नाही, असे तो मित्रांजवळ म्हणे. पहिल्या सिंफनीचे काम तो वीस वर्षांच्या आसपास घेऊन बसला होता. अखेर १८७६ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्याने ती पूर्ण केली. तिच्या शेवटच्या भागातील एक धून बीथोव्हेनच्या आनंदगीताशी जुळते, असे कोणी तरी त्याला सुचविले. तेव्हा, हे तर कोणत्याही गाढवालाही दिसेल, अशा आशयाचे उत्तर त्याने फटकन दिले. हान्स फोन ब्यूलो या प्रसिद्ध संचालकाने या सिंफनीला बीथोव्हेनची 'दहावी' म्हटले. ही स्तुती ऐकून ब्राम्सचे भय कमी झाले असेल की वाढले असेल, हे सांगणे अवघड आहे.

ब्राम्स सात वर्षांचा झाला, त्याच दिवशी दूर रशियात, उरल पर्वताच्या बाजूला वोत्किन्स्क येथे, लोखंडाच्या कारखान्याच्या अधिकाऱ्याला मुलगा झाला. हा प्योत्र चायकोव्हस्की. त्याच्या घरी एक यांत्रिक वाद्य होते. किल्ली दिली की त्यातून मोझार्टच्या धुना निघत. लहानपणी एकदा रात्री तो अंथरुणात रडत बसला होता. डोक्यात शिरलेले संगीत काही केल्या थांबत नाही, अशी त्याची तक्रार होती! वडिलांनी त्याला कायदा शिकविला, त्याने काही वर्षे सरकारी कचेरीत कारकुनीही केली. परंतु ते संगीत थांबले नाही ते नाहीच.

मात्र चायकोव्हस्कीला आपला जन्म सात मेचा आहे, असे घरी कोणी सांगितले नसावे. कारण रशियातील दिनदर्शिका त्या दिवशी २५ एप्रिल दाखवीत होती. जुन्या रोमन कालगणनेत वर्ष खऱ्यापेक्षा सुमारे अकरा मिनिटांनी मोठे धरलेले होते. अकरा मिनिटे म्हणजे ती किती! पण शतकामागून शतके गेली, तशी ती साठत साठत अनेक दिवसांएवढी झाली. १५८२ साली युरोपातील काही देशांनी ही चूक सुधारली. रशियाने ती सुधारणा १९१८ पर्यंत स्वीकारली नाही. तोवर, एकोणिसाव्या शतकात, रशिया युरोपाच्या बारा दिवस मागे चालत होता. मग १९१८ साली रशियात ३१ जानेवारीला निजलेली माणसे एकदम १४ फेब्रुवारीला उठली.

एकाच दिवशी वाढदिवस असलेल्या या दोघांचे जमावे, असे वाटणे साहजिक आहे. पण तसे नव्हते. ब्राम्सचे संगीत चायकोव्हस्कीला कोरडे वाटे, आणि आपल्या रोजनिशीत त्याने त्याविषयी फार कडक शब्द लिहिले होते. दोघांची भेट झाली ती १ जानेवारी १८८८ रोजी, लाइपझिग शहरात, ब्रोडस्की नावाच्या व्हायोलिनवादकाच्या घरी. नॉर्वेचा संगीतकार ग्रीग आणि त्याची पत्नी नीना हीही तेथे होती. घरच्या यजमानीणबाईंनी या दिवसाची हकीकत पुढे लिहून ठेवली आहे. जेवणाच्या वेळी नीना ग्रीग यांना नेमकी ब्राम्स आणि चायकोव्हस्की यांच्या मधली जागा मिळाली. थोड्याच वेळात त्या उठल्या. या दोघांमध्ये बसण्याने जीव घाबरा होतो, असे म्हणाल्या. तेव्हा, माझी छाती आहे, असे सांगून ग्रीग स्वतः तेथे जाऊन बसला. पुढे स्ट्रॉबेरीच्या मुरंब्याचे भांडे आले. ब्राम्सने ते ओढून घेतले आणि हे सगळे माझे, कोणालाही मिळणार नाही, असे जाहीर केले. थोर संगीतकारांच्या मेळाव्यापेक्षा ती लहान मुलांचीच मेजवानी वाटत होती, असे त्या बाईंनी लिहिले आहे. मुरंब्यापुढे मतभेद टिकत नसावेत.

पुढल्याच वर्षी हाम्बुर्गला चायकोव्हस्कीच्या पाचव्या सिंफनीची तालीम ऐकण्यासाठी ब्राम्स मुद्दाम एक दिवस मागे राहिला. शेवटचा भाग वगळता बाकीचे आवडले, असे त्याने तोंडावर सांगितले. चायकोव्हस्कीलाही त्याचा तो सरळपणा आवडला. ब्राम्सचे संगीत मात्र त्याला अखेरपर्यंत रुचले नाही. माणूस आवडावा आणि त्याचे काम आवडू नये, असे होऊ शकते, आणि त्यात खोटेपणा काहीच नाही.

१८९१ साली चायकोव्हस्की अमेरिकेस गेला. न्यूयॉर्कमध्ये नवे संगीतगृह उघडावयाचे होते. पुढे ते कार्नेगी हॉल या नावाने प्रसिद्ध झाले. तेथे सात मे रोजी त्याने स्वतःच्या एका रचनेचे संचालन केले. त्या दिवशी तो एकावन्न वर्षांचा झाला. एका वृत्तपत्राने मात्र त्याला साठीच्या घरात नेऊन बसविले होते, आणि त्याचे त्याला बरेच वाईट वाटले!

या चौकोनात एक नवलाची नोंद विसाव्या शतकातही झाली. १९४६ च्या सात मेस, युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या टोकियो शहरात, एक लहानशी कंपनी स्थापन झाली. तीच पुढे सोनी या नावाने जगभर पसरली. या कंपनीने फिलिप्स या डच कंपनीच्या सहकार्याने संगीताची चकचकीत तबकडी तयार केली, आणि १९८२ साली ती विक्रीस आली. तिची रुंदी १२ सेंटिमीटर, आणि तिच्यात ७४ मिनिटांचे संगीत मावे. ७४ मिनिटेच का? बीथोव्हेनची नववी सिंफनी मध्ये न तोडता एका तबकडीवर बसावी म्हणून, असे सांगतात. जाणकारांना ही हकीकत पूर्णपणे मान्य नाही. व्यापारातील इतर कारणेही होती असे ते म्हणतात. पण गोष्ट मात्र सात मेच्या चौकोनात चपखल बसते.

आणि याच चौकोनात भारताचेही एक नाव आहे. १८६१ च्या सात मेस कोलकात्यातील जोडासाँको येथील ठाकुरांच्या वाड्यात रवींद्रनाथांचा जन्म झाला. ते कवी म्हणून जगाला ठाऊक आहेत. परंतु त्यांनी दोन हजारांहून अधिक गीते रचून त्यांना स्वतः चाली लावल्या, हे पुष्कळांच्या लक्षात नसते. सतराव्या वर्षी विलायतेस जाण्यापूर्वी ते मुंबईस डॉक्टर आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी काही आठवडे राहिले होते. डॉक्टरांची कन्या अन्नपूर्णाबाई यांनी त्यांना इंग्रजी बोलण्याचे व तिकडच्या रीतिरिवाजांचे धडे दिले. विलायतेहून येताना त्यांनी स्कॉटलंड व आयर्लंडकडील धुना कानांत साठवून आणल्या, आणि त्यांवर बंगाली गीते बांधली. भारताचे आणि बांगलादेशाचे अशी दोन राष्ट्रगीते त्यांच्याच लेखणीतून उतरली आहेत.

तथापि बंगालात रवींद्रजयंती सहसा सात मे रोजी साजरी होत नाही. बंगाली पंचांगाप्रमाणे त्यांचा जन्म वैशाखाच्या पंचविसाव्या दिवशीचा. तो दिवस इंग्रजी तारखेने बहुधा आठ किंवा नऊ मे रोजी येतो. चायकोव्हस्कीसारखेच रवींद्रनाथही दुसऱ्या दिनदर्शिकेतून या चौकोनात आले आहेत.

१९४१ साली हा पंचवीस वैशाख जवळ आला, तेव्हा रवींद्रनाथ शांतिनिकेतनात आजारी होते. वाढदिवसासाठी एक नवे गीत असावे, असा आग्रह शिष्यांनी धरला. हात थकले होते, शरीर साथ देत नव्हते. त्यांनी आपल्याच एका जुन्या कवितेतील काही ओळी घेतल्या, त्या थोड्या बदलल्या आणि त्यांना चाल लावली. जन्मदिवसाचे स्वागत करणारे ते गीत, 'हे नूतन'. त्यांनी चाल लावलेले हे शेवटचे गीत होय. त्यानंतर तीन महिन्यांनी, ७ ऑगस्टला, ते गेले. पंचवीस वैशाखाच्या पहाटे बंगालात मुले-माणसे एकत्र जमून आजही ते गातात.